दुकानासमोरचे साडेतीन मीटर : व्यापारी इमारतीपुढचा फुटपाथ, झाडं आणि पायऱ्या कशा आखाव्यात

व्यापारी संकुलाचं नूतनीकरण निघालं की पहिले पैसे काचेवर जातात, दुसरे पाटीवर, आणि उरलेल्यात चार कुंड्या येतात. त्या कुंड्या फुटपाथवर मांडल्या जातात, सहा महिन्यांत त्यांत गुटख्याच्या पुड्या आणि चहाचे कप साठतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘आपल्याकडे लोकांना किंमतच नाही.’ लोकांचं सोडा, मुळात त्या कुंड्या चुकीच्या जागी होत्या.

हा लेख पुण्यातल्या व्यापारी इमारतींचे मालक, दुकाने असलेल्या सोसायट्यांच्या समित्या आणि नव्याने लँडस्केपची कामं घेणारे ठेकेदार यांच्यासाठी आहे. नियम आणि आकडे पुण्याला धरून दिलेत. नाशिक, नागपूर किंवा ठाण्याला खात्यांची नावं बदलतील, मोजमापं फारशी बदलणार नाहीत. संपूर्ण कामाचं सूत्र एकच आहे: चालणाऱ्या माणसाची पट्टी सरळ, सपाट आणि मोकळी ठेवायची, बाकी झाड, दिवा, पायरी, पाटी, स्कूटर, जे काही असेल ते त्या पट्टीच्या बाहेर.

आधी जागा कोणाची ते बघा

प्रॉपर्टी कार्ड आणि मंजूर नकाशा, दोन्ही हातात घ्या आणि जागेवर चुन्याने हद्द मारा. जुन्या इमारतींमध्ये हे केल्यावर बऱ्याचदा कळतं, की ज्याला आपण ‘आपलं अंगण’ म्हणत होतो त्यातला काही भाग महापालिकेच्या फुटपाथचा आहे, किंवा उलट, फुटपाथ आपल्या फ्रंट मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीपुढे सोडायच्या मोकळ्या जागेत, शिरलाय. विकास आराखड्यात रस्तारुंदी दाखवली असेल तर ती रेषाही त्याच चुन्याने मारा. रुंदीत जाणाऱ्या पट्टीवर ग्रॅनाइट, पक्क्या पायऱ्या किंवा मोठं झाड यांवर खर्च करू नका.

हद्दीच्या आतलं काम तुम्ही मंजूर नकाशाच्या चौकटीत करू शकता. हद्दीबाहेरच्या एका पेव्हर ब्लॉकलाही हात लावायचा तर क्षेत्रीय कार्यालय आणि पथ विभाग यांची परवानगी लागते, झाड असेल तर उद्यान विभागाची. ‘आम्ही स्वखर्चाने करतोय, मग परवानगी कशाला?’ हा युक्तिवाद चालत नाही आणि चालूही नये. तसा तो चालला की प्रत्येक दुकानापुढे वेगळ्या रंगाची, वेगळ्या उंचीची फरशी येते आणि शंभर मीटरचा फुटपाथ म्हणजे टाइल्सच्या शोरूममधला नमुन्यांचा फळा होतो.

तीन पट्ट्या

पुणे महापालिकेने २०१६ साली स्वतःची रस्ता आराखडा मार्गदर्शक तत्त्वं केली. त्याआधी, २०१२ मध्ये, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची सुधारित संहिता, आयआरसी १०३, आली होती. दोन्हींचा गाभा सारखा आहे. फुटपाथ म्हणजे एक सलग फरशी नव्हे, तीन पट्ट्या. इमारतीला लागून दर्शनी पट्टी, जिथे लोक थांबून काचेत बघतात. मधली चालण्याची पट्टी. आणि रस्त्याच्या कडेला झाडं, दिव्यांचे खांब, बाक, कचऱ्याचे डबे, महावितरणचे डीपी बॉक्स (वीज वाटपाच्या पेट्या) यांची पट्टी.

मधल्या पट्टीचं किमान माप १.८ मीटर; व्यापारी भागात संहिता २.५ मीटर मागते. डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काहीही नको, म्हणजे फांदी नको, छत्रीचं टोक नको, एसीचं आउटडोअर युनिट नको. १.८ मीटरचा हिशेब सोपा आहे: दोन व्हीलचेअर एकमेकींजवळून जाव्यात.

आता खरी अडचण. तुमच्यासमोरचा फुटपाथ साडेतीन मीटर आहे, असं धरा. त्यात झाडांच्या पट्टीला किमान एक मीटर द्यावाच लागतो. उरले अडीच, म्हणजे चालण्याची पट्टी कशीबशी बसली. दर्शनी पट्टीला काहीच उरलं नाही. पण तुमच्या काचेसमोर माणसं थांबणारच, ‘सेल’चा फलक बघणारच, कोणीतरी फोनवर बोलत उभं राहणारच. म्हणून ती मीटरभर पट्टी इमारतीने आपल्या मार्जिनमधून द्यावी. फुटपाथच्याच पातळीला, तशाच फरशीची, मध्ये साखळी किंवा रेलिंग नाही. मालकी तुमचीच राहते, वापर गिऱ्हाइकाचा होतो. ही सूचना ऐकून बहुतेक मालकांचा चेहरा पडतो, कारण त्या मीटरात त्यांना कंपाउंडची भिंत दिसत असते. पण दुकानाला भिंत कशासाठी हवी, याचं उत्तर मला आजवर नीट मिळालेलं नाही.

एकदा टेप घेऊन जंगली महाराज रस्त्यावर जा. तिथले नव्याने केलेले रुंद फुटपाथ मोजा, झाडं कुठल्या ओळीत आहेत आणि बाक कुठल्या ओळीत आहेत ते बघा. काय फसलंय तेही दिसेल: कोंडी झाली की दुचाक्या वर चढतात. ११ डिसेंबरला, पादचारी दिनी, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो तेव्हाही एक फेरी मारा. गाड्या नसताना माणसं कुठे रेंगाळतात आणि कुठून झपाझप चालतात, हे कुठल्याही नकाशापेक्षा तिथे चांगलं कळतं.

पातळी : कामाचा निम्मा जीव इथे आहे

पुण्यातल्या फुटपाथवरून चालताना गुडघे का दुखतात? दर दहा-पंधरा पावलांवर एखाद्या इमारतीचं गेट येतं, तिथे फुटपाथ खाली उतरतो, गाडीसाठी उतार होतो आणि गेट संपलं की पुन्हा चढतो. आजीबाई अशा उतारावरून तिरप्या पायाने जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्याच्या कडेनेच चालू लागतात. मग आपण म्हणतो, फुटपाथ असून लोक वापरत नाहीत.

याचा उपाय महाग नाही. गेटसमोरही फुटपाथ त्याच पातळीवर आणि त्याच फरशीने पुढे न्यायचा. गाडीने वर चढायचं. चढाचा उतार फक्त झाडांच्या पट्टीच्या एक मीटरात बसवायचा, चालण्याच्या पट्टीत त्याचा एक इंचही नको. कर्बची, म्हणजे फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेची, उंची १५० मिमीच्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे एवढ्या उतारावर चारचाकी सहज चढते. ठेकेदार म्हणेल, गाडीचा तळ घासेल. दीडशे मिमीच्या चढाला घासत नाही. घासतो तो तीनशेच्या कर्बला, आणि तीनशेचा कर्ब मुळातच चूक आहे.

इमारतीच्या पायऱ्यांचा हिशेबही असाच आधी कागदावर करा. जोतं फुटपाथपासून ४५० मिमी वर आहे, असं समजा. दीडशेच्या तीन पायऱ्या झाल्या. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही, म्हणजे ४५० मिमीसाठी ५.४ मीटर लांबीचा रॅम्प, शिवाय वर आणि खाली दीड मीटरचा सपाट भाग. तीन मीटरच्या मार्जिनमध्ये हा रॅम्प सरळ पुढे काढला तर फुटपाथ ओलांडून थेट रस्त्यात जाईल. म्हणून तो इमारतीच्या भिंतीला समांतर न्या, १.२ मीटर रुंद, एका बाजूला कठडा. पुढची जागा मग कुंडीसाठी राहात नाही, हे खरं. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर रॅम्प हा उपकाराचा विषय राहिलेला नाही. आणि त्याच रॅम्पवरून तुमचा माल भरलेला ट्रॉलीवालाही जातो.

पायरी किंवा रॅम्पचा एक दगडसुद्धा हद्दीबाहेर नको. अतिक्रमणविरोधी कारवाईत ब्रेकर पहिल्यांदा पायरीवरच चालतो.

पाण्याचा उतार: आडवा उतार साधारण १:५०, म्हणजे अडीच मीटरला ५० मिमी, रस्त्याच्या दिशेने. मार्जिनमधलं पाणी फुटपाथवरून वाहू देऊ नका; हद्दीवर जाळीची अरुंद गटार घ्या आणि ती पावसाळी वाहिनीला जोडा. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि रस्ता दर काही वर्षांनी वर येतो, हे लक्षात ठेवून जोत्याची पातळी ठरवा. जुन्या पेठांमधली कितीतरी दुकानं त्यामुळेच आज एक पायरी खाली उतरून आहेत.

फरशी

पॉलिश केलेला कोटा दगड बाहेर नको, ग्लेझ टाइल तर मुळीच नको. जूनच्या पहिल्या सरीत त्यावर माणसं पडतात. खरबरीत शहाबादी, फ्लेम केलेला (ज्योतीने खरबरीत केलेला) ग्रॅनाइट किंवा साधा काँक्रीट पेव्हर चालेल. पेव्हर घ्यायचा तर चालण्याच्या भागात ६० मिमी आणि गाडी जाते तिथे ८० मिमी. पेव्हर खचतो तेव्हा सगळे ब्लॉकला नावं ठेवतात, दोष असतो खालच्या भरावाचा. मुरूम एकदम ओतून वरवर धुम्मस मारली की पहिल्याच पावसात खड्डा पडतो. थराथराने भरा, पाणी मारा, प्लेट कॉम्पॅक्टर फिरवा, मग खडीचा थर, मग २५ ते ४० मिमी वाळू, मग ब्लॉक. कडेला काँक्रीटचा आधार नसेल तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात.

अंधांसाठीच्या पिवळ्या फरशांबद्दल एवढंच, की त्या शोभेच्या नाहीत. लांब रेषांची फरशी म्हणजे ‘चालत राहा’, ठिपक्यांची म्हणजे ‘थांब, पुढे काहीतरी आहे’. मिस्त्रीला हे कोणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे तो हाताला येईल ती बसवतो. रेषांची रांग थेट डीपी बॉक्सला जाऊन भिडलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता आश्चर्य वाटत नाही. काम सुरू व्हायच्या दिवशी मिस्त्रीसमोर दोन्ही फरशा ठेवा, डोळे मिटून त्याला त्यावर चालायला लावा. पाच मिनिटांत त्याला कळतं आणि मग तो चुकत नाही.

झाडाआधी जमिनीखाली बघा

झाडांच्या पट्टीखाली बहुतेक वेळा वीज, पाणी, ड्रेनेज, गॅस आणि इंटरनेटच्या केबल यांतलं काही ना काही असतंच. नकाशे मागवा, पण त्यांवर पूर्ण भिस्त नको. दर आठ-दहा मीटरला हाताने एक चाचणी खड्डा घ्या, जेसीबीने नाही. जिथे गॅस किंवा उच्चदाबाची केबल दिसेल तिथे झाडाची जागा सरकवा.

आणि फरशी घालण्याआधी खालून दोन रिकामे पीव्हीसी पाइप टाकून ठेवा, दोन्ही टोकांना चेंबर. उद्या कोणाला केबल न्यायची असेल तर ती त्यातून जाईल. याचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ, पण नवीकोरी फरशी तीन महिन्यांत उखडली जाण्यापासून वाचते. चेंबरची झाकणं फरशीच्या पातळीलाच हवीत. वर आलेलं झाकण म्हणजे ठेच, खाली गेलेलं म्हणजे डबकं.

झाड कोणतं, कसं

आधी जे आहे ते वाचवा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, ते तुमच्या हद्दीत असलं तरी. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांपुढच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आणली. थोडक्यात, जुना वड आड येत असेल तर पायऱ्यांचा आराखडा बदला, वड तोडू नका.

जुन्या झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट नेलेलं असेल तर ते फोडा. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या एका प्रकरणात २०१३ सालीच खोडाभोवतीचा एक मीटर मोकळा ठेवायला सांगितलंय. फोडताना ब्रेकर नको, छिन्नी-हातोडा वापरा, कारण मुळं वरच असतात. मोकळ्या झालेल्या आळ्यात माती खोडावर ढीग करून चढवू नका, पालापाचोळा अंथरा. खोडाला खिळे, लायटिंगच्या माळा, दुकानाची पाटी, काहीही नको.

नव्या झाडासाठी एक बाय एक बाय एक मीटरचा खड्डा हे रूढ माप आहे. लहान झाडाला ते पुरतं. मोठ्या झाडाला ते डब्यात वाढवल्यासारखं होतं. काही वर्षांत मुळं वर येऊन फरशी उचलतात आणि शिव्या झाडाला बसतात. त्यापेक्षा झाडांच्या पट्टीत सलग चर खणा, मीटरभर रुंद, मीटरभर खोल, दोन-तीन झाडांत एकच. तळाला मुरूम, वर पोयटा माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड. काळी माती पाणी धरून बसते, म्हणून नुसती काळी भरू नका. दोन झाडांत सहा ते आठ मीटर अंतर. आळ्यावर जाळी बसवायची तर ती फरशीच्या पातळीला आणि खोड जाड होईल तसं मधलं कडं काढता येईल अशी.

जातींबद्दल माझं मत ठाम आहे. रुंद पट्टी असेल तर कडुनिंब, करंज. मध्यम जागेत बहावा, ताम्हण, बकुळ, पुत्रंजीवा. बकुळ सावकाश वाढते, म्हणून कोणी लावत नाही, पण दुकानासमोर तिच्याइतकं सभ्य झाड दुसरं नाही: गच्च सावली, सुगंध, आणि फळांचा चिखल नाही. गुलमोहर सुंदर आहे यात वाद नाही, पण तो मादागास्करचा, मुळं उथळ आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या पटकन मोडणारा. खाली गाड्या लागणार असतील तर नको. सप्तपर्णी एखादी ठीक, ओळ नको. फुलोऱ्याच्या दिवसांत तिच्या उग्र वासाने लोकांची डोकी धरतात. कोनोकार्पस झटपट हिरवा दिसतो म्हणून रोपवाटिकावाला गळ्यात मारेल. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, एवढं त्याला सांगा.

रोप निवडताना उंचीपेक्षा खोड बघा. सरळ एकच खोड, पिशवीत मुळांचा वेटोळा झालेला नाही, शेंडा तुटलेला नाही. पहिली फांदी पुढे अडीच मीटरच्या वर येईल अशी छाटणी पहिल्या वर्षापासून करायची. तीच फांदी पाटीच्या आड येणार म्हणून दुकानदार कुरकुरतात, तेव्हा पाटी आणि झाड एकाच नकाशावर काढून दाखवा. बहुतेक वेळा झाड दीड मीटर सरकवून भांडण मिटतं. पाटीचा विषय निघालाच आहे तर: दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. नवी पाटी करणारच आहात, तर तेही आत्ताच नीट करा.

मार्जिनमधली लागवड

इथे थोडक्यात सांगतो. लॉन नको, पुण्याच्या मे महिन्यात व्यापारी इमारतीने लॉनला पाणी घालणं हा उधळेपणा आहे. गेटच्या दोन्ही बाजूंना पाऊण मीटरपेक्षा उंच काही नको, नाहीतर बाहेर पडणाऱ्या गाडीला चालणारं मूल दिसत नाही. एक्झोरा, तगर, कामिनी छाटून खाली ठेवता येतात. बोगनवेल चालण्याच्या पट्टीपासून लांब. कण्हेर विषारी असते, खाण्याच्या गाड्या किंवा शाळा जवळ असेल तर टाळा. कुंडीखाली ताटली ठेवू नका, डासांची नोटीस येते. आणि कुंडीपेक्षा जमिनीतला वाफा केव्हाही बरा.

दुचाकी, बोलार्ड आणि पथारी

फुटपाथवर दुचाकी चढते म्हणून लोक बोलार्ड, म्हणजे अडवणारे आखूड खांब, लावतात. व्हीलचेअर जायला दोन बोलार्डमध्ये १.२ मीटर तरी अंतर हवं, आणि व्हीलचेअर जाते तिथून स्कूटर आरामात जाते. तेव्हा बोलार्ड चारचाकी अडवतात, दुचाकी नाही. दुचाकीला अडवायचं तर तिला जवळच जागा द्या. एका दुचाकीला एक बाय दोन मीटर लागतात. एका चारचाकीच्या जागेत पाच-सहा बसतात. दुकानातले कर्मचारी सकाळी येऊन समोरची सगळी जागा दिवसभरासाठी अडवतात, हे मालकाने आधी मान्य करावं आणि त्यांच्या गाड्या तळघरात किंवा मागे पाठवाव्यात. ‘पार्किंग गेलं, धंदा बसला’ ही ओरड करणाऱ्या दुकानासमोर उभ्या असलेल्या गाड्या कोणाच्या, हे एक दिवस मोजून बघण्यासारखं असतं.

पथारीवाल्यांना हुसकायला मोठमोठ्या कुंड्या मांडणं हा अलीकडचा उद्योग आहे. त्याने पथारी जात नाही, चालण्याच्या पट्टीत सरकते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला हक्क दिलाय. त्याची जागा झाडांच्या पट्टीत, दोन झाडांच्या मध्ये आखून घ्या, फरशीत रंगाने रेषा द्या. सावलीतला लिंबू सरबतवाला दुकानासमोर माणसं थांबवतो, घालवत नाही.

क्रम आणि बिल

दिवाळीनंतर मोजणी आणि नकाशे. डिसेंबर-जानेवारीत परवानग्यांचे अर्ज, कारण पावसाळा जवळ आला की खोदाईच्या परवानग्या थांबतात. फेब्रुवारी ते एप्रिल भराव, पाइप, कर्ब, फरशी. मे महिन्यात खड्डे भरून माती बसू द्या. चांगला पाऊस दोन-तीनदा पडल्यावर, जूनअखेर किंवा जुलैत, झाडं लावा. मे महिन्यात उद्घाटनासाठी लावलेली झाडं फोटोपुरती असतात.

बांबूचे दोन आधार, खोडाला सुतळी सैल आठाच्या आकारात. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी, निदान दोन वर्षं. मूळ धरलं की आधार काढायला विसरू नका. सुतळीने खोड कापलेली झाडं गावभर आहेत.

काम ताब्यात घेताना तीन गोष्टी स्वतः करा. फरशीवर बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाबागाडी ढकलत जा. जिथे ती उचलावी लागेल तिथे खडूने खूण करा आणि ठेकेदाराला ती जागा फोडायला लावा. संध्याकाळी दिवे लागल्यावर पायऱ्यांच्या कडा दिसतात का ते पाहा. लागवडीच्या बिलातली काही रक्कम दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवण्याचं कलम करारातच घाला, आणि मेलेलं रोप बदलून त्याच जातीचं, त्याच जाडीचं द्यायचं, असं त्यात स्पष्ट लिहा. ‘बदलून देऊ’ एवढंच लिहिलं, तर बहाव्याच्या जागी अशोकाची काठी येते.